‘घरातल्या बाईला विचारलंत का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात आमच्या ऐरोलीच्या रो-हाऊसच्या नव्या नकाशाबद्दल लिहिलं होतं. जुनं घर पाडून तळ अधिक दोन मजले बांधतोय. त्यावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली. जशीच्या तशी देतो, उगाच मी काही गाळलं असं व्हायला नको:

“नकाशा नीटनेटका आहे, पण घरातल्या बाईला न विचारता काढलेला दिसतो. स्वयंपाकघर घराच्या पोटात, उजेडाला चार बाय सहाचा डक्ट. डिसेंबरात भर दुपारचं ऊन त्यात फार तर सहा-सात फूट उतरेल, तुमचा ओटा पंचवीस फूट खाली आहे. आई-वडिलांची खोली मागे आणि संडास पुढे जिन्याखाली, म्हणजे रात्रभर ओट्यासमोरून जा-ये. पायऱ्या आठ इंची. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज एकदा पाहून या.”

प्रतिक्रिया वाचली. एकदा नाही, चारदा वाचली. इथे मतभेदाला कधी ना नव्हती आणि आजवर मी कुणाची प्रतिक्रिया उडवलेली नाही. पण आपण ‘नीटनेटका आहे’ म्हणून आधी हातावर पेढा ठेवलात आणि पुढच्याच शब्दाला त्याच हाताला चिमटा काढलात. हीच गोष्ट ‘स्वयंपाकघराच्या जागेचा पुन्हा विचार करता येईल का?’ अशीही विचारता आली असती. मी लगेच उत्तर दिलं असतं. आणि नावाच्या जागी नुसती दोन आद्याक्षरं! काका म्हणायचं की ताई, तेही कळत नाही.

आधी आपलं जे बरोबर आहे ते मान्य करतो. आठ इंचांची पायरी चूक. तो आकडा पहिल्या ड्रॉइंगमधला, लेखात नजरचुकीने राहिला. नॅशनल बिल्डिंग कोडात घरातल्या पायरीची उंची 190 मिलिमीटरच्या आत, म्हणजे साडेसात इंचांच्या आत ठेवायला सांगितलंय. आमचा मजला दहा फुटांचा. आठ इंचांनी पंधरा पायऱ्या होत होत्या, आता पावणेसात इंचांच्या आतल्या अठरा झाल्यात. त्यामुळे जिना दहा इंचांनी लांबला. ते दहा इंच स्वयंपाकघरातून घेतले, दुसरीकडून निघण्यासारखे नव्हते. बारीकसारीक गोष्ट आहे, पण श्रेय आपलं.

आता ते वाक्य. ‘घरातल्या बाईला न विचारता.’

आपल्याला माझ्या घरातलं काय माहीत आहे? मी ठाण्यात चरईतल्या चाळीत वाढलो. दहा बाय बाराची खोली, तिच्यामागे जेमतेम सहा फुटांचं स्वयंपाकघर आणि माणसं सात. ओटा नव्हताच. आई जमिनीवर स्टोव्ह मांडून पाटावर बसायची. मोरी तिच्या पाठीशी. मोरीच्या कट्ट्याची शहाबादी एका कोपऱ्यात फुटली होती, तिथे हंडा डुगडुगायचा म्हणून आईने गोणपाटाची चुंबळ करून ठेवली होती. ती कधी वाळायची नाही. पहाटे पाणी आलं की हंडे भरायचं काम माझं, आणि त्या चुंबळीचा कुजका वास आजही पहिल्या पावसात नाकात येतो. 1984 साली आई त्याच कट्ट्याला अडखळून पडली. मी तेव्हा नववीत. अडीच महिने भात-आमटी मी केली. पोळ्या शेजारच्या काकूंकडून यायच्या, तेवढ्या मला आजही जमत नाहीत. तेव्हा बाईमाणसाला स्वयंपाकघरात काय सोसावं लागतं, ते मला कुणी दोन ओळींत शिकवायची गरज नाही.

पुढे सत्तावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी गृहकर्जाच्या टेबलावर. किती नकाशे डोळ्यांखालून गेले त्याची गणती नाही. तीन बेडरूमच्या घरात देवघराला जागा नाही म्हणून कर्ज मंजूर झाल्यावर भिंत सरकवणारेही पाहिलेत.

आणि विचारलं नाही? तीन वेळा विचारलं. पहिल्या ड्रॉइंगच्या वेळी, गुढीपाडव्याला, आणि नकाशावर सह्या करायच्या आदल्या रात्री. तिन्ही वेळा ही म्हणाली, “तुम्हाला योग्य वाटेल ते करा.” याला विचारणं म्हणत नाहीत, तर कशाला म्हणतात?

एवढंच नाही. आम्ही राहतो त्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर खडूने स्वयंपाकघर आखलं, आठ बाय साडेनऊ. (तेव्हा जिन्याचे दहा इंच कापायचे होते.) फ्रिजच्या जागी प्लास्टिकची खुर्ची, गॅसच्या जागी वीट, सिंकला बादली. ही आत जाऊन उभी राहिली. विटेवरून कुकर उतरवल्यासारखं केलं, वळली, आणि खुर्चीकडे बघत म्हणाली, “फ्रिज उघडला की मी कुठे उभी राहायचं?” तिथल्या तिथे ठरवलं, फ्रिज डावीकडे उघडणारा घ्यायचा. ओट्याची उंचीसुद्धा हिच्या कोपरावरून काढली, चौतीस इंच. खडूच्या रेघा पहिल्या सरीत गेल्या, पण माप वहीत आहे. कुणाला बघायचं असेल तर या.

काल तुमची प्रतिक्रिया मुद्दाम हिला वाचायला दिली. मेथी निवडत होती. वाचून झाल्यावर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, “ते डिसेंबरचं खरं आहे का हो?” मी म्हटलं, दिवसा ट्यूबलाइट सगळ्यांकडेच लावतात. त्यावर ती काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

उन्हाच्या गणितात मी शिरत नाही. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला दुपारी सूर्य आपल्या भागात बरोब्बर डोक्यावर येतो, तेव्हा डक्टमधून ऊन थेट तळाला पडणार, हे मात्र तुम्ही सोयीस्कर विसरलात. जुलैत ढग असतात, हे मलाही कळतं.

रात्रीच्या जा-ये बद्दल: रात्री ओट्यासमोर असतं कोण? आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे, रात्री तीनदा उठते. वाटेत माठ लागेल, उलट सोयच झाली. पुढे.

राहिलं बेलापूर. पाहून या म्हणे! बँकेत असताना त्या बाजूला माझ्या इतक्या खेपा झाल्यात की तिथल्या चहावाल्याला माझा कमी साखरेचा चहा पाठ होता. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी 1983 ते 86 मध्ये उभी केलेली ती वसाहत उत्तम आहे, वाद नाही. सात-सात घरं आठ मीटरच्या चौकाभोवती, प्लॉट 45 ते 75 चौरस मीटरचे. पण तिथली मेख वेगळी आहे. कुठल्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, म्हणून ज्याला जसं परवडेल तसं वाढवता येतं आणि उजेडही बाजूंनी घेता येतो. माझा प्लॉट अठरा बाय पंचेचाळीस. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. खिडक्या काढायच्या तर फक्त पुढे आणि मागे. पुढची बाजू पश्चिमेला, म्हणजे चार महिने पावसाचे सपकारे आणि उरलेले आठ महिने दुपारनंतरचं ऊन. स्वयंपाकघर पुढे घेतलं तर हॉल पोटात जातो, मागे घेतलं तर आई-बाबांची खोली. कुणीतरी मध्ये बसायलाच हवं ना? आणि ज्या आर्टिस्ट व्हिलेजचा दाखला देताय, तिथली कितीतरी मूळ बैठी घरं लोकांनी पाडून मजले चढवलेत. ते पाहिलंत का तुम्ही? का फोटोच पाहिलेत?

वास्तूबद्दल आणखी दोघांनी लिहिलंय. त्यांना नमस्कार.

जाता जाता, पुढच्या लेखात नकाशा बदललेला दिसला तर तुमच्यामुळे बदलला असं कृपया कुणी समजू नये. जिन्याखालचा संडास मागे, आईच्या खोलीला लागून घेतोय. ड्रेनेजचं चेंबर मागच्या बाजूला आहे आणि पाइपाची लांबी वाचते, असं प्लंबरचं म्हणणं पडलं. जिन्याखाली जागा सुटली की फ्रिज तिथे जाईल. सोमवारचा लाइन-आउट, म्हणजे प्लॉटवर नकाशाची आखणी, त्यासाठी आठवडाभर पुढे ढकललाय. शनिवारी आर्किटेक्टकडे जायचं आहे. या खेपेला ही पण येते म्हणालीय, वही घेऊन.