लाईट लावा की!

टायर फुटला तर आवाज होतो, बॅटरी बसली तर गाडी जागची हलत नाही, ब्रेक गेला तर देव आठवतो. हेडलाईट मात्र असला काही तमाशा करत नाही. रोज इतका थोडा थोडा जातो की चालवणाऱ्याच्या डोळ्यांना त्याची सवयच होते. दिवे गेले आहेत हे त्याला सगळ्यात शेवटी कळतं. तोवर गावाला कळलेलं असतं.

आमची गाडी बारा वर्षांची. ताम्हिणी घाटात अंधारून आलं तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, लाईट लावा की आता!" लावलेलेच होते. तेही अप्परवर.

"गाडीला मोतीबिंदू झालाय" हा विनोद शेजाऱ्यांनी केला, ऑफिसातल्या मित्राने केला आणि पेट्रोलपंपावर हवा भरणाऱ्या मुलानेही केला. प्रत्येकाला तो जगात प्रथम आपल्यालाच सुचल्याचा आनंद झाला होता. मी दर वेळी हसलो. हसावं लागतं.

मेव्हणा टूथपेस्ट घेऊन आला. हल्ली हेडलाईटची काच म्हणजे काच नसतेच, पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक असतं. उन्हापासून वाचवायला त्यावर एक पातळ थर देतात. तो विरला की प्लास्टिक पिवळं पडतं. टूथपेस्टने पिवळेपणा घासला जातो आणि त्यासोबत उरलासुरला थरही. काही दिवस दिवे जाहिरातीतल्या दातांसारखे चमकले, मग आधीपेक्षा जोमाने पिवळे झाले. मेव्हण्याच्या मते पेस्ट मिठाची हवी होती.

मेकॅनिक फोनवर म्हणाला, "भिंतीवर मारून बघा." म्हणजे रात्री गाडी भिंतीपासून पंचवीसेक फुटांवर उभी करायची आणि डिपरचा, म्हणजे खालच्या झोताचा, उजेड बघायचा. आपण डावीकडून चालतो, म्हणून झोताची कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे जरा वर चढलेली, रेखीव दिसायला हवी. सोसायटीच्या भिंतीवर आमचा नुसता चहाच्या रंगाचा डाग पडला. तेवढ्यात तळमजल्यावरचे काका बंडीवर बाहेर आले.

"काय चाललंय?"

"दिवे तपासतोय काका."

"मग लावून तपासा ना!"

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने आधी रेस द्यायला लावली. रेस दिल्यावर उजेड वाढला तर दोष दिव्याचा नाही, चार्जिंगचा नाहीतर अर्थिंगचा. आमचा उजेड ढिम्म. मग त्याने बल्ब काढला. काच आतून काळवंडलेली. तारेतलं टंगस्टन उडून उडून काचेवर बसलं होतं. "बदलायचे तर जोडीने बदला साहेब, दुसराही त्याच वयाचा आहे." मग त्याने टॉर्च आत मारला आणि गंभीर झाला. रिफ्लेक्टरची चांदी पापुद्रे धरून सुटली होती आणि तळाशी पाणी साचलेलं. "पावसात जराशी वाफ धरते, ती लाईट लावला की जाते. हे पाणी आहे. मासे सोडा, नाहीतर अख्खं युनिट बदला."

नाना पेठेतल्या दुकानदाराला मात्र साधा बल्ब विकण्यात रस नव्हता. "नव्वद-शंभर वॅटचा टाका, रात्रीचा दिवस होईल." कंपनीचा बल्ब अप्परला साठ आणि डिपरला पंचावन्न वॅटचा, वायरिंग आणि होल्डर त्याच हिशेबाचे. त्यात शंभरचा घुसवला तर रात्रीचा दिवस होण्याआधी होल्डरचं मेण होतं. मग त्याने निळसर पांढरा एलईडी पुढे केला. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये हा बसवला की उजेड रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. असे महाभाग मला रोज सिंहगड रस्त्यावर भेटतात आणि त्यांच्याबद्दल मी गाडीत जे बोलतो ते इथे छापण्यासारखं नाही. मी नकार दिल्यावर दुकानदाराने साधी जोडी काउंटरवर आपटली आणि बजावलं, "काचेला बोट लावू नका. हाताचं तेल लागलं की तिथेच तापतो आणि जातो." हे सांगताना त्याच्या दुसऱ्या हातात वडा होता.

दोन्ही युनिटं नवी बसली. गणपतीला कोकणात निघालो, डिकीत नारळापासून इस्त्रीपर्यंत सगळं कोंबलेलं. अंधार पडला आणि समोरच्या ट्रकवाल्याने आम्हाला डिपर मारला! मग एसटीने मारला. आमच्या दिव्यांचा कुणाला त्रास होतोय, या कल्पनेनेच मला भरून आलं.

"डिपरवरच आहेत ना हो?" सौ.ने विचारलं. होते. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं आणि झोतही. त्यासाठी स्टिअरिंगच्या उजव्या हाताला शून्य ते तीन आकडे लिहिलेलं एक चिमुकलं चाक असतं. बारा वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. मी ते तीनवर नेलं. समोरचे शांत झाले.

मागच्या सीटवरून मेव्हणा म्हणाला, "बघितलंस ताई? पेस्टने बेस चांगला झाला होता म्हणून एवढा उजेड पडतोय."

सौ.ने मान डोलावली.