ट्युशन एरियातून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर: सायलेन्सर, आवाज आणि घरचा जॅक

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया कडक आहे आणि मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत आटोपत नाही. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कारला बाजारातला स्पोर्ट्स एक्झॉस्ट, म्हणजे कंपनीच्या सायलेन्सरच्या जागी लावायचा वेगळ्या आवाजाचा सायलेन्सर, घरी कसा बसवायचा, यावर मी लिहिलं होतं. ताई लातूरच्या ट्युशन एरियात राहतात, त्यांच्या वरच्या मजल्यावर नीटची तयारी करणारी लेकरं भाड्यानं राहतात. त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो सुट्टीत घरी आलाय आणि माझा लेख दाखवून वडिलांच्या गाडीला हेच करायचं म्हणतोय. ताईंचं म्हणणं असं: "तुम्ही पोरांना गोंगाट करायला शिकवता, जॅकवर उचललेल्या गाडीखाली झोपायला शिकवता, आणि कंपनीचा सायलेन्सर जपून ठेवा असं सांगून पोलिसांना चकवायलाही शिकवता."

शेवटच्या आरोपापासून सुरू करतो, कारण तो सगळ्यात गंभीर आहे. कंपनीचा सायलेन्सर जपून ठेवायला मी सांगितलं ते एकाच कारणासाठी: नवा बसवल्यावर गाडीचा आवाज आधीपेक्षा वाढला, तर त्याच दिवशी जुना परत चढवता यावा. तो भंगारात घातलेला असला की माणूस म्हणतो, आता पैसे गेलेत, राहू दे असाच. मग तीच गाडी वर्षभर तुमच्या गल्लीतून जाते.

कायद्याबद्दल माझी भूमिका स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाहनात उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० प्रत्येक गाडीला आवाज दाबणारा सायलेन्सर असलाच पाहिजे म्हणतो. आवाजाचं किंवा धुराचं मानक मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १८२अ मालकालाही धरतं: परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि १९०(२) मध्ये स्वतः चालवणाऱ्याबरोबर दुसऱ्याला चालवू देणाराही येतो. गाडी तुमच्या यजमानांच्या नावावर असेल तर हे वाक्य मुलाला नक्की वाचून दाखवा.

आता गोंगाट. ताई, रात्री अकरा वाजता कुणी सिग्नल कॅम्पकडून फाटक्या सायलेन्सरनं गाडी पळवत आला की पुस्तक उघडून बसलेल्या लेकराचं काय होतं, हे लातूरकराला सांगावं लागत नाही. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतालच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात रात्री ४०. फटाके फोडणारे सायलेन्सर जप्त करून पोलिस रोडरोलरखाली घालतात तेव्हा मला वाईट वाटत नाही. त्या मुद्द्यावर मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे.

माझा मतभेद इथून सुरू होतो. स्पोर्ट्स एक्झॉस्ट म्हणजे गोंगाट हे समीकरण बाजारानं तयार केलंय, इंजिनानं नाही. आवाजाची पट्टी वेगळी आणि आवाजाची पातळी वेगळी. इंजिनाकडून मागं येताना पाइपात आधी धुरातलं विष कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) लागतो, मग घुमणारा आवाज मारणारा मधला रेझोनेटर, आणि शेवटी मफलर, ज्याला आपण सगळे सायलेन्सर म्हणतो. पोरं पैसे वाचवायला कॅट आणि रेझोनेटर काढून सरळ पाइप जोडतात. तिथं आवाज फाटतो, धूर विषारी होतो, आणि कॅटच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर गडबड ओळखून चेक इंजिनचा दिवा लावतो. पीयूसीला बीएस-४ (धुराचं सरकारी मानक) आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीच्या निष्क्रिय वेगात कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत हवा. कॅट नसलेली गाडी तिथं प्रामाणिकपणे पास होणं अवघड. माझ्या लेखातलं काम रेझोनेटरच्या मागच्या जोडापासून सुरू होतं. कॅटला हात नाही, रेझोनेटरला हात नाही. फक्त शेवटचा डबा बदलायचा, तोही आत भरपूर काचलोकर भरलेला, लांब अंगाचा. असा डबा आवाजाला थोडा खर्ज देतो, मोठा करेलच असं नाही.

रेझोनेटर काढणाऱ्यांना आणखी एक शिक्षा घरबसल्या मिळते. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाचे फेरे भागिले तीस केले की सेकंदाला किती स्फोट होतात ते निघतं. ३००० फेऱ्यांना १००. नांदेड रस्त्यावर गाडी पळवली की बहुतेक लहान गाड्यांचं इंजिन याच आसपास फिरत असतं, आणि १०० हर्ट्झची ती घुमी कान सोडून डोक्यात शिरते. मागच्या सीटवर म्हातारं माणूस असेल तर अहमदपूर यायच्या आत त्याचं डोकं दुखायला लागतं.

मोजायचं कसं, हे लेखात होतं, पण तुमच्या मुलानं ते नीट वाचलेलं दिसत नाही, कारण तो तुम्हाला "७४ च्या आत आहे" असं सांगतोय. प्रवासी कारला ७४ डेसिबलची मर्यादा आहे हे खरं. पण ती कारखान्यातल्या चाचणीची आहे: गाडी वेग घेत जाते आणि माइक ७.५ मीटरवर असतो. उभ्या गाडीची चाचणी निराळी; तिथं माइक नळीच्या तोंडापासून ५० सेंटिमीटरवर, ४५ अंशात धरतात. जवळ असल्यामुळं तिथला आकडा मोठाच दिसणार. मोबाइलच्या ॲपवर हे दोन आकडे एकमेकांशी लावले की काहीही सिद्ध करता येतं. म्हणून मी ॲपचा आकडा आकडा म्हणून मानतच नाही. तोच फोन, तीच जागा, तेच अंतर, तेच फेरे. आधी जुना सायलेन्सर, मग नवा. फरक तेवढा बघायचा. दोन्ही वाचनं सारखी आली तर ठीक, नवीन तीन-चार डेसिबलनंही वर गेला तर तो उतरवायचा. तीन डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुपटीनं मोठा लागतो.

मग बदलायचाच कशाला, असं तुम्ही विचारलंय. ताकद वाढते म्हणून नाही, हे आधी सांगतो. १२०० सीसीच्या साध्या पेट्रोल गाडीत मागचा डबा बदलून हाताला जाणवेल असा फरक पडत नाही, आणि गरजेपेक्षा जाड पाइप घातला तर धुराचा वेग पडून खालच्या गिअरमधला जोर उलट कमी होतो. खरं कारण गंज. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गाव ते शेत, घर ते गंजगोलाईची बाजारपेठ अशा छोट्या फेऱ्यांत डबा पुरता तापत नाही, वाफ आतच पाणी होऊन बसते आणि पत्रा आतून खाते. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचे सायलेन्सर बाहेरून धड दिसतात आणि बोटानं दाबले की भोक पडतं. स्टेनलेसचा चांगला डबा तिथं टिकतो. आणि हो, त्याचा खर्ज मला आवडतो. हे लपवायचं कारण नाही.

तुमचा जॅकचा मुद्दा. भीती रास्त आहे, पण घर ही धोक्याची जागा आहे हे मला मान्य नाही. धोका कुठं आहे ते बघा. गाडीसोबत येतो तो कात्रीचा जॅक चाक बदलायला असतो. त्याच्या भरवशावर हाताचं कोपरसुद्धा गाडीखाली घालायचं नाही. आपल्या अंगणात काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरून घट्ट वाटली तरी जॅकचं बूड तिच्यात तिरकं रुततं. शहाबादी फरशीवर ठेवला तर खाली पोकळी असलेल्या जागी फरशी तडकते. पक्का सपाट कोबाच हवा.

एक गोष्ट चांगल्या चांगल्यांच्या लक्षात येत नाही. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो. सायलेन्सरसाठी मागची बाजूच उचलली की तीच चाकं हवेत जातात, म्हणजे हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सुटी. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे, गाडी पहिल्या गिअरमध्ये, मग उचलायची, कंपनीनं दाखवलेल्या जागांखाली दोन्ही बाजूंना वजन पेलणारे लोखंडी स्टँड लावायचे, जॅक सैल करून वजन स्टँडवर सोडायचं आणि उभं राहून गाडीला जोरात हलवून बघायची. काढलेली स्टेपनी बाजूच्या पट्टीखाली आडवी सारून ठेवायची. घरात दुसरं माणूस जागेवर असल्याशिवाय खाली जायचं नाही. घाई नसलेला, अर्धा दिवस हाताशी असलेला मुलगा हे सगळं करू शकतो.

मला स्वतःला आवाजापेक्षा आणि जॅकपेक्षाही जास्त काळजी वाटते ती गळतीची. तुमच्या प्रतिक्रियेत ती नव्हती, म्हणून मुद्दाम लिहितो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. जोड नीट बसला नाही तर धूर मागं न जाता गाडीच्या तळाखाली रेंगाळतो आणि काचा बंद, एसी चालू असताना आत येतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. माणूस म्हणतो ऊन लागलं. म्हणून फ्लँजमधलं, म्हणजे दोन पाइपांच्या नट-बोल्टच्या जोडातलं, जुनं पॅकिंग पुन्हा वापरायचं नाही. सगळा पाइप आधी रबरांवर सैल लटकवायचा, पुढून मागं सरळ करत यायचा, मगच नट आवळायचे. गंजलेल्या नटांना आदल्या रात्रीच तेल मारून ठेवायचं, नाहीतर आटे जातात. शेवटी गाडी उघड्यावर घेऊन, इंजिन थंड असताना चालू करायचं, जाड फडकं नळीच्या तोंडावर काही सेकंद दाबायचं आणि दुसऱ्यानं जोडांजवळ कान द्यायचा. कुठंही फुस्स आलं तर गाडी रस्त्यावर जाणार नाही.

आणि कॅटवरचा पत्र्याचा उष्णतारोधक खडखडतो म्हणून कुणीही काढून टाकू नका. सुगीत आपल्याकडं रस्त्यावरच सोयाबीन, तूर मळणीला पसरतात. ते काड गाडीखाली गुंततं, आणि चालून आलेल्या गाडीचा कॅट कित्येकशे अंशांवर असतो. कडब्याच्या गंजीला खेटून गाडी लावणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे.

आता तुमच्या घरचा प्रश्न. मुलानं मागवलेलं सामान उघडून बघा. पाइप रेझोनेटरच्या मागून सुरू होत असेल तर पुढं बोलता येईल. कॅटच्या जागी बसणारा सरळ पाइप असेल तर ते सामान आहे तसं परत पाठवा, त्यावर चर्चा नको. गाडीची वॉरंटी चालू असेल तरीही नको. एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ डिझेल असेल तर सायलेन्सरच्या मार्गात धूर गाळणारी यंत्रणा असते. तिथं घरी हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यातलं काही किंवा वर सांगितलेला कायदा आडवा येत नसेल, तर त्याला हे काम करू द्या असं मी म्हणेन. तुम्ही किंवा त्याचे वडील शेजारी खुर्ची टाकून बसा. स्टँड नसतील तर ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून एका दिवसापुरते मागून आणा. आणि काम झालं की वरच्या मजल्यावरच्या लेकरांना खिडकीत उभं करून गाडी गल्लीतून एकदा जाऊ द्या. आवाज वाढलाय असं त्यातलं एक जरी म्हणालं, तर संध्याकाळच्या आत जुना डबा परत. तो चढवायला नवं पॅकिंग लागेल, तेही आधीच आणून ठेवा. गाडी कोणती आणि कोणत्या साली घेतलेली ते इथंच कळवा, कोणत्या मापाचं पॅकिंग ते शोधायला मदत करतो.