ब्रेन मॅपिंगचा अहवाल म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे

‘ब्रेन मॅपिंगमध्ये आरोपी सापडला, आता शिक्षा नक्की’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात ५ मे २०१० रोजी स्पष्ट केले की नार्को (औषधाने गुंगीत आणून प्रश्न विचारणे), पॉलिग्राफ (खोटे पकडण्याची चाचणी) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूतील लहरींची नोंद) या चाचण्या संमतीशिवाय कोणावरही करता येणार नाहीत. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे राज्यघटनेचे कलम २०(३) सांगते. संमती दिली तरी चाचणीचा निष्कर्ष थेट पुरावा ठरत नाही, कारण तेव्हाही उत्तरांवर त्या व्यक्तीचा जाणीवपूर्वक ताबा नसतो. त्या माहितीवरून पुढे हत्यार किंवा मुद्देमाल सापडला, तर तेवढा शोध ग्राह्य धरता येतो.

आता विज्ञानाचे. डोक्यावर लावलेले इलेक्ट्रोड फक्त मेंदूतील विद्युत लहरी टिपतात. एखादे वाक्य ऐकून लहर बदलली, म्हणजे ते कृत्य त्या माणसानेच केले असे होत नाही. त्याने ते पाहिलेले, बातमीत वाचलेले किंवा चौकशीत वारंवार ऐकलेले असू शकते. (पोलिस कोठडीत हे शेवटचे सर्रास घडते.) तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या या निकालाआधी, २००८ मध्ये, पुण्यातील सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात अशा चाचणीचा आधार घेतला होता. म्हणून असा मजकूर पुढे पाठवू नका. ज्याचा खटला अजून उभाही राहिलेला नाही, त्याला तुम्ही दोषी ठरवत असता.