खुलासा : धुमसने माती ठोकल्याने झाड पक्कं होत नाही

‘रस्त्याकडेच्या झाडाभोवतीची माती धुमसने ठोकून घ्या, वाऱ्यात पडणार नाही,’ असा मेसेज फिरतोय (धुमस म्हणजे माती ठोकून दाबायचं जड हत्यार). नेमकं उलटं आहे.

चांगल्या मातीत जवळपास निम्मी जागा पोकळ असते; हवा-पाणी तिथेच खेळतं. ठोकल्यावर आधी मोठ्या पोकळ्या दबतात. पाणी वरूनच वाहून जातं, मुळं गुदमरतात आणि खोल जायचं सोडून पेव्हर ब्लॉकखालच्या भुसभुशीत वाळूत घुसतात. ब्लॉक उचलले जातात ते अनेकदा यामुळेच (आणि दोष झाडाला!). वरवरच्या मुळांची पकड कमीच.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. ठोकायचं सोडा, तेवढी जागा मोकळी करा, पालापाचोळा पसरा आणि गाड्या लावू देऊ नका.