दुसऱ्याचं बालपण पडद्यावर आणताना घ्यायची काळजी

आत्मकथनाचे हक्क घेतलेत? अभिनंदन. निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम म्हणजे ते पुस्तक वाचणं, आणि ते तुम्ही अजिबात करू नका. मलपृष्ठावर सहा ओळी असतात, त्यावर दोन तासांचा सिनेमा आरामात निघतो. पुस्तक वाचलं की घोळ होतो. त्यात माणसं एका पानावर एक वागतात, पुढच्या पानावर भलतंच, आणि लेखिका मधे पडून काही समजावूनही सांगत नाही. अशानं पटकथा अडते.

सोयीसाठी एक पुस्तक धरून चालू. नाव राहू दे. त्याच्यावरचा सिनेमा तुम्ही पाहिला असेल, नाहीतर त्याचा एखादा मावसभाऊ तरी पाहिला असेलच. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या एका मुलीचं हे पुस्तक. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, पलीकडच्या बोळात कन्नड, भांडताना तिन्ही. बाप गिरणीत, आई बिड्या वळायला. नव्वदच्या दशकात गिरणी बसली आणि बापही बसला, तो हातभट्टीच्या अड्ड्यावर. पोरगी नऊ वर्षांची. एवढंच. खून नाही, वाडा नाही, पाटील नाही. तुम्हाला घाम फुटणं स्वाभाविक आहे. घाबरू नका, पाटील घालता येतो.

शूटिंग सोलापुरात करू नका. उन्हाळ्यात पारा 44 अंशांच्या पुढे जातो आणि नायिकेचा मेकअप ओघळतो. सरळ वाईला जा. वाईनं आजवर उत्तर प्रदेश केला, बिहार केला, तिला सोलापूर काय जड आहे? पुस्तकातली पोरगी सार्वजनिक नळाच्या रांगेत घागरीवर बसून पाढे पाठ करते आणि नळाला पाणी येईपर्यंत एकोणतीसपर्यंत पोचते. हे काढून टाका. रांगेत काही घडत नाही. आईला घाटावर न्या, ओलं पातळ पिळताना दाखवा, मागे कृष्णामाई संथ वाहू द्या. सोलापुरात कृष्णा कुठून आली असं फक्त सोलापूरकर विचारतील, आणि त्यांचं तिकीट तोवर फाडून झालेलं असेल.

एक ड्रोन मात्र दिवसभरासाठी सोलापूरला पाठवा. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचा तलाव, मधे मंदिर, वरून घार फिरावी तसं. हा शॉट चार वेळा वापरायचा: सुरुवातीला, मध्यंतराआधी, बाप मरताना आणि शेवटी. जुनी गिरणी 1877 साली सुरू झाली हे सांगायला एक भारदस्त आवाज लावा. पुस्तकातला बाप त्या गिरणीत नव्हताच, पण तारीख ऐकली की परीक्षक मान डोलावतात.

आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. ती हवीच. पुस्तकात जत्रेला दीड ओळ मिळाली आहे: संक्रांतीच्या सुमारास सगळी गल्ली नंदीध्वज बघायला गेली, आम्ही गेलो नाही, कारण गेलो असतो तर हजार बिड्या भरल्या नसत्या. हे फारच कोरडं आहे. तुम्ही अख्ख्या कुटुंबाला मिरवणुकीत घाला. बापाला पांढरी बाराबंदी चढवा आणि खांद्यावर नंदीध्वज द्या. ते ध्वज पेलायला मानकरी आधी कितीतरी दिवस सराव करतात, पण तुमचा नट जिममध्ये जातो. गर्दीत मायलेकींची ताटातूट, 'हर्र बोला हर्र'चा गजर, स्लो मोशन. अनुदान समितीतल्या एखाद्याचे तरी डोळे पाणावतील.

रंग पिवळा ठेवा. गरिबी पिवळी असते, हे आता सर्वमान्य आहे. श्रीमंती निळसर असते, ती शेवटी येईल, लेखिका विमानात बसेल तेव्हा.

बोलीबद्दल फार डोकं खाऊ नका. पोरगी बापाला 'नायना' म्हणते. तिथे 'बाबा' करा, नाहीतर खाली अक्षरं द्यावी लागतील आणि लोकांना वाटेल डब केलेला सिनेमा आहे. सोलापुरी म्हणून कोल्हापुरी वापरा. दिवेघाट ओलांडला की सगळं रांगडं असतं, एकच असतं. 'काय करायलास बे?' एवढं एक वाक्य विनोदी मित्राला द्या. त्याच्यावर हशा हमखास. (हेच वाक्य आमच्याकडे आजारी माणसाला पाहायला गेल्यावरही म्हणतात, पण ते असो.)

आता बिड्या. इथे थोडं थांबतो, कारण सगळे इथेच अडखळतात.

पुस्तकात बिड्या फार आहेत. पानोपानी आहेत. रात्री पानं पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, चिमटीनं तंबाखू घालून पान वळायचं, दोऱ्यानं बांधायचं, तोंड मिटायचं. तोंड मिटायचं काम पोरीकडे, कारण तिची बोटं बारीक. पंचविसाची जुडी, चाळीस जुड्या झाल्या की हजार. मग डोक्यावर टोपली घेऊन बिडी कारखान्याच्या ब्रँचला. तिथला माणूस जुडी हातात घेऊन दाबून बघणार, न आवडलेल्या बाजूला टाकणार. ती छाट. छाट म्हणजे वळायची मेहनत आपली, तंबाखू त्यांचा, पैसे कुणाचेच नाहीत. भाताला तंबाखूचा वास, केसांना तंबाखूचा वास, वहीला तंबाखूचा वास. पोरीच्या शाळेतल्या एक बाई तिला शेवटच्या बाकावर बसवायच्या, का ते पोरीला सातवीत कळलं.

हे सगळं कापा. पडद्यावर वास येत नाही. नायिकेला एक सूप द्या, सुपात दोन-चार पानं ठेवा, नखांची काळजी घ्या. ती खिडकीशी बसून शून्यात बघत वळते आहे असं दाखवा. हजार बिड्या वळणाऱ्या बाईला शून्यात बघायला वेळ नसतो, असं कुणी म्हणेल. त्याला क्लोजअप म्हणजे काय ते माहीत नसतं.

मुख्य अडचण पुढेच आहे, ती म्हणजे बाप.

बाप दारू पितो, आईला मारतो, पोरीचे शाळेचे पैसे ट्रंकेतून काढून नेतो. इथवर ठीक. खलनायक तयार. पण पुस्तकात एक रात्र येते. आईला ताप भरलाय, सहाशेच झाल्या आहेत, सकाळी ब्रँचला हजार न्यायच्या आहेत. पोरगी वळत बसते आणि सुपावरच डोकं टेकून झोपते. सकाळी उठते तर चाळीस जुड्या भरलेल्या. दारात बाप पालथा पडलेला, बोटांना तंबाखू. आई जुड्या उचलून टोपलीत भरते, काही बोलत नाही. दुपारी ब्रँचवरून परत येते तेव्हा पदरात नऊ जुड्या छाट. बापाच्या हाताला कंप होता, त्यानं वळलेल्या ढिल्या निघाल्या. त्या नऊ जुड्या आई माळ्यावर ठेवते. संध्याकाळी तो तिला पुन्हा मारतो. प्रकरण संपलं. लेखिका पुढच्या पानावर चाचणी परीक्षेकडे वळते.

हे असं कसं चालेल? प्रेक्षकाला घरी जाताना कळायला नको का, की माणूस चांगला होता की वाईट? तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, ती रात्रच उडवा, बाप स्वच्छ राक्षस ठेवा, मिशा द्या. दुसरी, ती रात्र ठेवा आणि तिच्यावर सहा मिनिटांचं गाणं टाका. गाण्यात बाप रडतो, आभाळ रडतं (सोलापुरात पाऊस नसतो, टँकर मागवा), फ्लॅशबॅकमध्ये गिरणीच्या गेटवर तो मालकाविरुद्ध भाषण करतो, आणि सकाळी मुलगी उठून त्याला मिठी मारते. "बाबा, मला सगळं कळलं." काय कळलं ते सांगायची गरज नाही. छाट दाखवू नका. त्यानं वळलेल्या सगळ्या बिड्या पास झाल्या पाहिजेत, नाहीतर गाणं वाया जाईल. आणि संध्याकाळी पुन्हा मारतो, ते तर मुळीच नको. एकदा सुधारलेला बाप परत बिघडला तर लोक तिकिटाचे पैसे मागतात.

मी पाहिलेल्या सिनेमानं दोन्ही वाटा धरल्या होत्या, एक मध्यंतराआधी, एक नंतर. बाप आधी राक्षस, मग संत. मधल्या दहा मिनिटांत बहुधा पॉपकॉर्न खाल्ला असावा त्यानं.

लेखिका अजून हयात असेल तर तिला मुहूर्ताला बोलवा, शाल द्या आणि पटकथा दाखवू नका. तिनं चुकून विचारलंच, की माळ्यावरच्या जुड्यांचं काय केलं, तर 'माध्यमांतर' हा शब्द वापरा. हा फार कामाचा शब्द आहे. याच्या आड पाटील, पाऊस, कृष्णा नदी, सगळं मावतं.

पत्रकार परिषदेत कुणीतरी 'श्यामची आई' काढेल. 1953 साली अत्र्यांनी पुस्तकावरून सिनेमा केला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, मग तुम्हाला का जमेना, वगैरे. तेव्हा नम्रपणे म्हणा की तो काळ वेगळा होता. त्या पुस्तकातली आई पोहायला जात नाही म्हणून पोराला शिपटीनं फोडते, आणि तरी ती आईच राहते, तिच्यासाठी कुणाला खुलाशाचं गाणं लिहावं लागलं नाही, हा मुद्दा आपण होऊन काढू नका.

शेवटी श्रेयनामावलीच्या बाजूला लेखिकेचे खरे फोटो दाखवा, काळेपांढरे, एकेक करून. दोन तास जे जमलं नाही ते या दोन मिनिटांत होतं. खरी आई दिसते, खरी खोली दिसते, खोलीत उभं राहायला जागा नाही हे दिसतं. लोक टाळ्या वाजवतात. टाळ्या तुमच्याच समजा.

एक धोका तेवढा सांगून ठेवतो. सोलापुरात पहिल्या दिवशी थिएटरात कोण येतं त्यावर लक्ष ठेवा. मी आमच्या शेजारच्या अक्कांना घेऊन गेलो होतो. त्यांनी चाळीस वर्षं बिड्या वळल्या. अजूनही टीव्ही बघताना उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत असतो, सूप नसलं तरी. मला वाटलं रडतील. त्या गाणं संपेपर्यंत डोळ्यांची पापणी न लववता बघत होत्या. मग माझ्या कानाशी लागल्या.

"पान कोरडं हाय की रे. कोरडं वळलं तर फाटतंय."

मी म्हटलं, अक्का, सिनेमा आहे.

"ते कळतंय मला. पन एवढ्या मोठ्या गाण्यात तिनं सातच वळल्या. मी मोजल्या. मग बाकीच्या कुणी वळल्या?"

मागच्या रांगेतून कुणीतरी शूऽऽ केलं. अक्का गप्प बसल्या. अंगठा मात्र तर्जनीवर फिरत होता, आणि पडद्यावर चौथ्यांदा ड्रोन तलावावरून जात होता.