थोडक्यात हुकलेल्या उमेदवारास

सर्वप्रथम अभिनंदन! चाळीस हजारांनी पडलेल्याच्या दारात दुसऱ्या दिवशी फक्त मांडववाला येतो, तोही बिल घेऊन. तुम्ही मात्र पन्नासाच्या आत पडलात. आता पुढची पाच वर्षं लग्न असो, दहावा असो, पुढची खुर्ची तुमची. कुणी ना कुणी कानाशी लागून म्हणणारच, "साहेब, तुम्हाला फसवलं हो!" आमदारकीत एवढी सहानुभूती कुठली मिळायला?

तेव्हा निकाल मुळीच मान्य करू नका. फक्त एक पथ्य पाळा, लढाई खरोखर लढायच्या भानगडीत पडू नका. तिला कागद लागतात.

मतदान संपलं की मतदान केंद्राध्यक्ष किती मतं नोंदली गेली याचा हिशेब 17सी नमुन्यात लिहितो आणि हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला त्याची प्रत देतो. हजर असलेल्या! तुमचा प्रतिनिधी चार वाजताच बिर्याणीचा टेम्पो कुठे अडकला ते बघायला गेला, तो परस्पर घरी. मोजणीचंही तसंच. शेवटची बेरीज जाहीर झाली की फेरमोजणीचा अर्ज लेखी द्यायचा, कारणांसह, आणि नमुना 20 वर, म्हणजे अंतिम निकालपत्रकावर, अधिकाऱ्याची सही व्हायच्या आत. तेवढ्यासाठी एक-दोन मिनिटं थांबावं, असं अधिकाऱ्यांच्या पुस्तिकेत चक्क लिहिलेलं आहे. त्या दोन मिनिटांत तुमचे लोक काय करत होते? दोघं घोषणा देत होते, एक रडत होता, आणि ज्याला अर्ज लिहिता येतो तो बाहेर चॅनेलवाल्यांना बाइट देत होता.

उत्तर-पश्चिम मुंबईचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. 2024 ची लोकसभा, गोरेगावच्या नेस्कोतलं मोजणी केंद्र. मतदान यंत्रांची मोजणी संपली तेव्हा अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं मिळवल्यावर रवींद्र वायकर 48 मतांनी निवडून आले: 4,52,644 विरुद्ध 4,52,596. साडेचार लाखांच्या ढिगात अठ्ठेचाळीस! (कीर्तिकर एका शिवसेनेचे, त्यांचे वडील दुसऱ्या शिवसेनेत, त्यामुळे घरातली मतमोजणी वेगळीच.) कीर्तिकर 333 प्रदत्त मतांचा (आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं, तर खऱ्या मतदाराने कागदावर दिलेलं मत) मुद्दा घेऊन उच्च न्यायालयात गेले. डिसेंबरात याचिका फेटाळली गेली. एवढा कमी फरक असून? हो. कारण कायद्याला फरक किती हे पुरत नाही, गफलत कुठे झाली आणि तिने निकाल कसा पालटला हे नेमकं सांगावं लागतं. "अख्ख्या गावाला माहीत आहे" हा पुरावा फक्त पानटपरीवर चालतो.

तरीही याचिका हवीच असेल तर स्वस्तात पडते. मुदत 45 दिवस, अनामत 2,000 रुपये. एवढ्यात चौकातला एक फ्लेक्ससुद्धा धड होत नाही. वकिलांची फी विचारू नका, मूड जातो. यंत्रांवर संशय असेल तर 2024 मध्ये निवडणूक आयोगाने तीही सोय केली होती: तपासणीला एका संचामागे 40,000 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी. शंका घेणं ही करपात्र सेवा आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं ना?

खटला सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रयत्न करायला कुणाचं काय जातं! गुजरातेत ढोलक्याला 2017 साली भूपेंद्रसिंह चुडासमा 327 मतांनी निवडून आले. बाद केलेली टपाली मतं होती 429. ती बेकायदा बाद केली म्हणून उच्च न्यायालयाने निवडणूकच रद्द केली, पण मे 2020 मध्ये. तिसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि आमदारकी सुखरूप राहिली. चुडासमा तेव्हा राज्याचे कायदामंत्री होते, हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही, तसं होतंच.

मात्र सावध राहा, कधीकधी न्याय मिळतोसुद्धा. पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावात नोव्हेंबर 2022 मध्ये सरपंचपदाची निवडणूक झाली आणि मोजणीत घोळ झाला. शेवटी गावची यंत्रं थेट सर्वोच्च न्यायालयात नेऊन मोजली, तेव्हा हरलेला उमेदवार 51 मतांनी जिंकलेला निघाला. तारीख ऑगस्ट 2025.

असं तुमच्या नशिबी आलं तर मेलात. पाच वर्षांतली पावणेतीन संपलेली, निधी आधीच्याने उडवलेला, गुलाल उधळायला आलेले चार जण आणि पाठोपाठ नळाला पाणी नाही म्हणून आलेले चाळीस. त्यांना तुम्ही सांगणार, मी कालच निवडून आलो. ते म्हणणार, मतदान करून तीन वर्षं होत आली, काय केलंत?