मोरसच्या भाजीवरचं ते फॉरवर्ड

सगळ्या ग्रुपवर फिरतंय ते: "खाडीकाठची मोरस खा, तिच्यातलं मीठ नैसर्गिक म्हणून बीपीवाल्यांनाही चालतं, आणि नुसत्या समुद्राच्या पाण्यावर पडीक खाजणात (भरतीचं खारं पाणी शिरतं त्या जमिनीत) लाखोंचं पीक घ्या." भाजी मलाही आवडते हो, पण यात थापा फार आहेत.

फॉरवर्डमधला फोटोच चुकलाय. तो सॅलिकॉर्निया नावाच्या दुसऱ्याच खाऱ्या झाडाचा, पानं दिसतच नाहीत, नुसती हिरवी कांडी, युरोपात सॅम्फायर म्हणून विकतात ती. मोरसला बारीक गुबगुबीत पानं असतात, जून झाली की लालसर पडते. दोन्ही पालकाच्या कुळातल्याच, खडे करणारं ऑक्सलेट यांच्यातही असतं, म्हणून मुतखडावाल्यांनी बेतानं.

आता मीठ. नैसर्गिक म्हणजे काय, मिठागरातलं मीठ काय फॅक्टरीत जन्मतं? खारं पाणी ओढून झाड त्यातलं सोडियम पानाच्या पेशींत साठवून ठेवतं, चावलं की खारट लागतं ते त्यामुळेच, तेच ते सोडियम क्लोराइड! डब्ल्यूएचओ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ म्हणते, त्या हिशोबात हेही धरायचं. आपल्याकडे बायका मोरस आधी उकळतात, पाणी ओतून देतात, पाला घट्ट पिळतात, मग कांदा-मिरचीवर जवळ्यासोबत परततात आणि वरून मीठ अजिबात टाकत नाहीत. बिनमिठाची भाजी खारट लागते, यातच काय ते आलं. भावनगरच्या सीएसएमसीआरआय या मीठ-संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेनं सॅलिकॉर्नियापासून मीठ बनवलंय हे खरं, पण म्हणून ते बीपीचं औषध होत नाही.

समुद्राच्या पाण्यावर शेती होते, नाही कोण म्हणतंय? मेक्सिकोच्या सोनोरा किनाऱ्यावर सॅलिकॉर्नियाचं हेक्टरी सुमारे 2 टन बी निघालं, 1991 ला 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत छापून आलंय. पण तिथे वाळूची जमीन, आणि मुळाशी मीठ साचू नये म्हणून गरजेपेक्षा जास्त पाणी सोडायला लागतं. ते जास्तीचं खारं पाणी इथे मुरणार कुठे, शेजाऱ्याच्या विहिरीत? शिवाय या झाडांचं बी रुजायला पाणी जरा गोडंच लागतं, आपल्याकडे ते काम पाऊस करतो.

आणि पडीक कोणाला म्हणताय? त्या खाजणात निवट्या (चिखलातले मासे) आहेत, खेकडे आहेत, कित्येक ठिकाणी कांदळवन आहे, आणि ते तोडायला हायकोर्टाच्या 2018 च्या निकालानं सक्त मनाई आहे, सभोवतीच्या 50 मीटरसकट.

हौसच असेल तर कुंडीत लावा किंवा ओळखीच्या भाजीवालीकडून जुडी घ्या, पण कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी उगवलेली फुकट म्हणून तोडू नका, ही झाडं चिखलातले जड धातूसुद्धा ओढतात आणि ते काही उकळून पुरते जात नाहीत.